गुलालाची पाचवी प्लेट

अप्पा,

नवं मशीन बसलं. पाच रंगांचं. चार रंगांचं घ्या म्हणून सगळ्यांनी समजावलं, पण मी तुमचीच लेक, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. विकणाऱ्यानं विचारलं, "ताई, लातुरात पाचवा रंग कुणाला लागतो?" मी म्हणाले, "आमच्या घराला लागतो." तो नुसताच हसला. तुम्हाला कळेल म्हणून लिहायला बसले आहे.

भूकंपानंतरची ती वर्षं आठवतात. गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि निकाल लागला की आपल्या छापखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. गुणवत्ता यादीतल्या पोरांचे फोटो, गळ्यात हार, तोंडाला गुलाल. आपलं मशीन एकरंगी. पिवळा छापायचा, रोलर धुवायचे, मग लाल, मग निळा, मग काळा. एकाच कागदाच्या चार फेऱ्या. डॉक्टरकीला माझा नंबर लागला नव्हता, म्हणून मी तुमच्या हाताखाली छपाईच्या प्लेटा, दर रंगाची एक, बनवायला आले होते. अख्खं गाव हळहळलं, तुम्ही मात्र एकदाही तोंड वाकडं केलं नाहीत.

सगळ्यात मोठ्या क्लासचं पोस्टर होतं. फोटोत यादीत आलेली मुलगी आणि तिची आई. वडील भूकंपात घराखाली गेलेले, मायलेकी पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेल्या. पोरीनं आपल्या गालाचा गुलाल आईच्या कपाळाला लावला होता. पण आपल्या चार रंगांत गुलाल काही उतरेना. पोरीच्या गालावर वीट घासल्यासारखी दिसायची आणि आईच्या कपाळावर मातीचा डाग.

क्लासचे सर नमुना बघायला आले. त्यांनी कागद उजेडात धरला. "एवढा बाईच्या कपाळावरचा डाग काढून टाका."

"डाग न्हाई सर, गुलाल हाय त्यो," तुम्ही म्हणालात.

"तेच म्हणतो मी. बाई विधवा हाय. पोस्टर गावभर लागणार, लोक नावं ठेवतील."

"लेकीनं लावलाय. म्या पुसणारा कोण?"

सर म्हणाले, मग दुसरीकडे छापून घेतो. वर्षभराचं काम त्यांच्याकडून यायचं. तुम्ही म्हणालात, "घ्या की. पर परवा येक कागद बघून जावा. आन येताना त्या माउलीला घेऊन या."

तुम्ही त्याच दिवशी एसटीनं नांदेडला, तुम्हाला छपाई शिकवणाऱ्या उस्तादांकडे गेलात आणि झळझळीत गुलाबी शाईचा डबा घेऊन आलात. चार रंग एकावर एक चढवून तो रंग होत नाही, तो डब्यातूनच यावा लागतो. त्याची वेगळी, पाचवी प्लेट. प्लेट जिच्यावरून उठते त्या लाल रंगाच्या फिल्मची आणखी एक प्रत काढून, गुलाल सोडून बाकीचं सगळं मी पात्यानं खरवडलं. पहिल्या खेपेला हौसेनं जास्तच ठेवलं. तुम्ही फिल्म बघून खवळलात. "पोरगी बुडाली की गुलालात! तोंड दिसाय पायजे. गुलाल तिच्यासाठी हाय, ती गुलालासाठी न्हाई." मी पुन्हा बसले. मग डबा उघडायला गेले तर हातावर चापटी. "आदी हात धू. काळ्या हातानं ही शाई उगडायची न्हाई."

ठरल्या दिवशी सर आले, मागे पदर सावरत ती आई. तुम्ही कागद सरांना न देता तिच्यापुढे धरलात. गुलाल कागदावर नुकताच उधळल्यासारखा दिसत होता. तुम्ही म्हणालात, "कपाळ तुमचं हाय, माय. ठेवू का काढू?"

तिनं वाकून कागद बघितला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "हिचा बाप असता तर त्यानंबी लावला असता."

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, "छापा."

ते पोस्टर गावभर लागलं. नावं ठेवणाऱ्यांनी ठेवली, पण बघायला थांबलेही तेच. उन्हानं ती शाई लवकर उडते हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. पंधरवड्यात भिंतींवर फिकी पडली. एक कागद मात्र मी कपाटात अंधारात ठेवला, तो अजून तसाच झळझळतो. मला तुमचा फार अभिमान वाटतो, अप्पा. तुमच्यासमोर कधी बोलले नाही, आपल्या घरात तशी पद्धतच नव्हती.

खंडेनवमीला नव्या मशीनची पूजा केली. तुम्ही गेल्यापासून आई असल्या वेळी दाराशी बसते, कुणी सांगितलं नाही तरी. मी मशीनला गुलाल लावला आणि तेच ताट घेऊन दाराशी गेले. आईच्या कपाळाला लावला. सगळ्या पाहुण्यांच्या देखत. आईनं हात वर नेला, मला वाटलं आता पुसते. तिनं चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "चालू कर की मशीन."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? त्या कागदासोबत कपाटात ठेवते. एकच सांगायचं राहिलं. तुमच्याएवढी छाती माझी अजून झालेली नाही. लावताना हात थरथरत होता, अप्पा. पण धुतलेला होता.