गुरप्पाची चांदीची डबी

मी सिद्धलिंगप्पा वीरभद्रप्पा कलशेट्टी, वय पंचेचाळीसच्या पुढे, राहणार बाळीवेस, सोलापूर, धंदा विनोदी साप्ताहिकाचे संपादन (सध्या बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे चित्त ठिकाणावर आहे. शहराचे नाही, परंतु ती माझी मिळकत नव्हे.

कारण असे. शहरात लष्करी कायदा आहे. धाकटा बंधू गुरप्पा परवा पांढरी टोपी घालून ज्वारी आणायला गेला आणि पकडला गेला. तसली टोपी तो लग्नापासून घालतो. आता तिचे राजकारण झाले, हे त्याला कोणी कळवले नाही. आरोप नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. वकिलांना विचारले. ते म्हणाले, या कायद्यात दाद मागायला जागाच नाही, आणि दार लावून घेतले.

तुरुंगाच्या दारात गुरप्पाच्या गळ्यातली दोरी कापली, कारण आत दोरी चालत नाही. दोरीला चांदीची डबी होती, तीत त्याचे इष्टलिंग. काल करमाळ्याकडचा एक हवालदार डबी घरी घेऊन आला. भला माणूस. म्हणाला, "आप्पा, चांदीची चीज हाय, आत गहाळ व्हईल. सायबांनी मुद्दाम धाडलीया. नीट बघून घ्या की."

गुरप्पाची बायको काशम्मा डबी पदरात घेऊन खालीच बसली. लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय गुरप्पाने आजवर पाण्याचा घोट घेतलेला नाही, तापातसुद्धा. हे हवालदाराला सांगितले. त्याने साहेबाला सांगितले. उत्तर आले की कैद्यापुढे पाणी भरपूर ठेवले आहे.

"भावजी," काशम्मा म्हणाली, "गोळी घातली असती तर कळलं असतं. हे तर जपून मारत्यात."

म्हणून उद्या सकाळी मी पांढरी टोपी घालून चौकात उभा राहीन. पकडलेल्यांना एकाच बराकीत कोंडतात, असे हवालदार सांगतो. माझे स्वतःचे लिंग घरी उतरवून ठेवतो, म्हणजे गळ्यात कापण्याजोगे काही सापडणार नाही. गुरप्पाचे लिंग डबीतून काढून डाव्या मुठीत नेईन. लष्कराला सक्तीचा सलाम उजव्या हाताने करायचा असतो, एवढीच सरकारची मला मदत. गळ्यातले लिंग ज्याने उतरवले तो आम्हा लिंगायतांत मेलाच. तेव्हा मृत्युपत्राला मुहूर्त बरा आहे. यश येईल असे वाटत नाही. मूठ उघडून बघायला शिपायाला हुकूम लागत नाही.

घरातला माझा अर्धा हिस्सा आणि पोस्टातली शिल्लक काशम्मास. मला बायकोमुले नाहीत. माझे लिखाण वाचून कोणी मुलगी दिली नाही.

छापखान्यातले अक्षरांचे खिळे ते जुळवणारा जुळारी नरसय्या बोद्दूल याने न्यावेत. सरकारने साप्ताहिकाकडे जामीन मागितला, पण विनोदाला जामीन राहायला कोणी पुढे आले नाही. खिळे वितळवावेत. अक्षरांपेक्षा शिशाला गिऱ्हाईक आहे.

माझी काळी छत्री टोपीवाले पंचाक्षरी शेटजी यांस. गुरप्पाची टोपी त्यांच्याच दुकानची. टोपीबंदीचा हुकूम निघताच शेटजींनी दुकानातल्या सगळ्या टोप्या जाळल्या. गिऱ्हाइकांना कळवायचे राहिले. हल्ली ते लष्कराला सलाम करायला दारात उभे असतात. ऊन फार आहे.

शेवटचे. आमच्यात प्रेत बसवून पुरतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. तुरुंगातून माझे प्रेत परत मिळालेच, तर प्रथम काशम्माने डावी मूठ पाहावी. रिकामी असेल, तर लिंग गुरप्पाला पोचले असेल किंवा झडतीत गेले असेल. तिने पोचले असे धरून चालावे. घट्ट मिटलेली असेल, तर लिंग आतच आहे, ते पोचले नाही. मग मूठ कोणी उघडू नये. माझे लिंग तिच्यावर टेकवून मला तसेच पुरावे, आणि काशम्माने चूल पेटवून दोन घास खावेत. परवापासून तीही उपाशी आहे.

साक्षीदार एकेकटे येऊन सही करून गेले. एकत्र थांबले तर त्याला जमाव म्हणतात.

साक्ष : नरसय्या बोद्दूल, जुळारी
साक्ष : चनमल्लप्पा मैंदर्गी, किराणा दुकानदार

सोलापूर, ता. २० मे १९३०
सही : सिद्धलिंगप्पा वीरभद्रप्पा कलशेट्टी (उजव्या हाताने)