नऊ रुपयांची घरपट्टी

बदलापूर,
९ नोव्हेंबर १९५६

प्रिय पद्मजा,

तुझं सहा पानी पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिनं मध्येच थांबवलं आणि म्हणाली, "श्याम, सभेत वाचतोस तसं वाचू नको. पोरीनं लिहिलंय तसं वाच." मी आवाज खाली आणला, तेव्हा कुठे ते मलाही नीट कळलं. महिनाभर माझं डोकं पेटलेलं होतं. ते तुझ्या पत्रानं शांत झालं, म्हणून आधी मनापासून आभार.

दौलतरावांनी घर विकताना घरपट्टीबद्दल खोटं सांगितलं आणि आता थकबाकीसाठी दारावर जप्तीची नोटीस लागली, एवढंच मी तुला कळवलं होतं. मी फसलो कसा, ते लाजेनं लिहिलं नव्हतं. गेल्या मार्गशीर्षात कुळगावात माझं भाषण झालं, दिलेल्या शब्दाविषयी. ज्या समाजात माणसाचा शब्द पुरत नाही त्याला स्टॅम्पाचा कागदही तारणार नाही, असं मी गरजलो. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या दौलतरावांनी डोळे पुसले. पंधरा दिवसांनी त्यांच्याच ओटीवर सौदा ठरताना मी घरपट्टीच्या पावत्यांचं विचारलं, तर म्हणाले, "पावत्या काय, आत्ता काढतो मास्तर. पण शब्दाचं तुम्हीच बोललात ना? आम्ही तर तेच धरून चाललोय." आता सांग, मी कुठल्या तोंडानं पावत्या मागणार होतो? एखादा साधा कारकून पंचायतीच्या कचेरीत जाऊन वही बघून आला असता. मला माझंच वाक्य आडवं आलं.

खरी गोष्ट अशी निघाली की त्यांनी सांगितलेली नऊ रुपये पट्टी होती ती जुन्या मातीच्या घराची. ते पाडून त्यांनी हे विटांचं माडीचं घर बांधलं, पंचायतीनं पट्टी सहापट केली, आणि पाच वर्षं त्यांनी एक पैसाही भरला नाही. कळल्यावर मी काय करणार होतो ते तुला ठाऊक आहे. शनिवारच्या सभेत त्यांचं नाव घेऊन त्यांना सोलून काढणार होतो. भाषण तयार होतं आणि चांगलं होतं. तेवढ्यात तुझं पहिलं उत्तर आलं: "दादा, भाषणानं दौलतरावांची अब्रू जाईल, पण दारावरची नोटीस जाणार नाही. लेखी काही आहे का, ते आधी बघ."

मी नाही म्हणणार होतो. आईनं भिंतीवरची पत्रांची तार उतरवली आणि एकेक पत्र काढत गेली. मावशीचं, मामाचं, तुझी पाच, आणि मग दौलतरावांचं कार्ड. खरेदीखताच्या आठ दिवस आधीचं, त्यांच्याच सहीचं: घरपट्टी सालीना रुपये नऊ, सर्व चुकती आहे, काळजी नसावी. मी ते वाचून तारेला अडकवलं आणि विसरून गेलो होतो.

त्या कार्डाची नक्कल तुला पाठवली आणि तू ही सहा पानं लिहिलीस. खरेदीच्या दिवसापर्यंतची थकबाकी कायद्यानं विकणाऱ्यानंच भरायची. दौलतराव नुसते गप्प राहिले असते तर, वही बघायची होती, असं म्हणून कोर्टानं कदाचित मलाच दोष दिला असता. पण ठाऊक असून खोटं लिहून दिलं, म्हणून ती पळवाट त्यांना नाही. पुढे दोन रस्ते. व्यवहार रद्द करून घर परत द्यायचं आणि किंमत परत घ्यायची, नाहीतर घर ठेवून नुकसानभरपाई मागायची. निवड फसलेल्यानं करायची, आणि घर ठेवतो म्हटल्यावर मागे फिरता येत नाही. तू लिहिलेलं मला, आयुष्यभर पुस्तकांत डोकं घातलेल्या माणसाला, एका बैठकीत कळलं. कल्याणच्या जयदेव वकिलांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "बहीण कुठे प्रॅक्टिस करते?" पुण्याला एका वकिलांच्या कचेरीत टाइपिंग करते, असं मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि पत्र पहिल्यापासून वाचायला घेतलं. ते बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

जयदेवांनी दौलतरावांना नोटीस धाडली. परवा दौलतराव स्वतः आले, ओटीच्या कडेला बसले. आई म्हणाली, "नीट बसा हो, घर तुमच्याच हातचं आहे." कोर्ट नको म्हणाले. दोन्ही रस्ते त्यांना कबूल आहेत: घर परत घेऊन पुरी किंमत देतील, नाहीतर सगळी थकबाकी भरून वाढीव पट्टीपोटी किमतीतले काही पैसे परत करतील. यांतला कुठला ते जयदेवांना वीस तारखेपर्यंत कळवायचं आहे.

पद्मजा, ते मी ठरवणार नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. खरेदीखतावर नाव माझं असलं तरी पैसे बाबांच्या फंडाचे होते. अंबरनाथच्या कारखान्यात सव्वीस वर्षं हजेरीपटावर मान मोडून त्यांनी ते तुझ्या वकिलीच्या शिक्षणासाठी ठेवले होते. जाताना माझा हात धरून ते तसं म्हणालेही होते, आणि तू उंबऱ्यात उभी होतीस. 'आधी घर होऊ दे, कॉलेज पुढच्या वर्षी' असं मी तुला सांगितलं, आणि पुढचं वर्ष आलं तेव्हा मी तो विषयच काढला नाही. मुलींच्या शिक्षणावर मात्र त्या वर्षी चार गावांत बोललो. तू एका शब्दानं विचारलं नाहीस. दौलतरावांनी मला एका कार्डावर फसवलं. मी तुला समोर बसवून फसवलं. तेव्हा कायद्यानं फसलेल्याला दिलेली निवड तुझी आहे. घर परत देऊन जूनमध्ये लॉ कॉलेजात नाव घाल, किंवा घर ठेवायला सांग. ठेवलंस तर ते तुझ्या नावावर करून देतो. आईची काळजी करू नकोस. ती म्हणते, भाड्याच्या दोन खोल्यांत तिनं आपल्या दोघांना वाढवलं, तिथे ती पुन्हा राहील. उत्तर मला लिहू नकोस, सरळ जयदेवांना लिही. मी त्यांना सांगून ठेवलंय की पक्षकार तू आहेस.

तुझाच,
श्यामदादा