चॅपलमधली झोप

सुरत, गुरुवार, संध्याकाळ

सकाळच्या बैठकीत उपप्राचार्या म्हणाल्या, "सर, चॅपल प्रार्थनेसाठी आहे. मुली तिथे झोपतात. उद्यापासून कुलूप लावा." कॉलेजचा रजिस्ट्रार मी, आदेशावर सही माझीच.

दुपारी पाहायला गेलो. दाराशी चपला नीट जोडून ठेवलेल्या. आत बाकावर पहिल्या वर्षाची उज्ज्वला गाढ झोपलेली. कतारगाम वस्तीत तिच्या खोलीला लागूनच रात्रभर कापडाचे लूम खडखडतात. रंगीत काचेतला निळा उजेड तिच्या गालावर हलत होता. श्रद्धेचं शिक्षण म्हणतो आपण, ते हिच्यापर्यंत कशातून पोचत असेल? त्या जोडलेल्या चपला अजून डोळ्यांसमोर आहेत.

प्राचार्य फादर मागे येऊन उभे राहिले. "उठवताय?"

"नाही, पंखा लावतोय. आणि फादर, कुलूप नको."

"मग दोनवरच ठेवा. पाचवर तो कुरकुरतो, जागी होईल ती."