वैशाखातला गोरज मुहूर्त

नामपूर, १० एप्रिल

तीर्थरूप दादास, सा. न. वि. वि.

तुझ्या इराची लग्नपत्रिका मिळाली. छपाई सुरेख, पण तू स्वतः पुरोहित, आणि मुहूर्त काढलास दुपारी बारा एकतीसचा! गेल्या वैशाखात आमच्या गावात पत्र्याच्या मांडवात कमळाबाई हातात अक्षता घेऊनच कोसळल्या, त्या उठल्याच नाहीत. म्हणून ग्रामसेविका या नात्याने मी ठराव पुढे केलाय, की उन्हाळ्यात अकरा ते चार गावात लग्न लागणार नाही. सरपंच देवरामभाऊ राजी आहेत. पण गावातल्या वत्सलाबाईंच्या नातवाचं लग्न तोंडावर आलंय. त्यांनी चारचौघांत विचारलं, की मॅडम, तुमना घरनं लगीन भर दुपारले शे ना? एक मेच्या ग्रामसभेत ठराव पडला, तर या उन्हाळ्यात पुन्हा कुणीतरी जाईल.

इराचं लग्न संध्याकाळी लाव. वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी, गोदा

नाशिक, १९ एप्रिल

चि. सौ. गोदावरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आदेश शिरसावंद्य. धाकटी बहीण सरकारी नोकरीत गेली की थोरल्या भावाचा नागरिक होतो, हे आम्हाला पाठशाळेत शिकवलं नव्हतं. गोरज मुहूर्त शास्त्राला मान्य आहे. अडचण व्याह्यांची होती. ते म्हणाले, कार्यालय एसी आहे, ऊन आत येतंच कुठून? मी म्हटलं, ऊन येत नाही, पण वऱ्हाड उन्हातूनच येतं ना! त्यावर ते म्हणाले, दुसरा पुरोहित बघू. मी म्हटलं, अवश्य बघा. नवरी मात्र दुसरी मिळणार नाही, आणि ती माझ्या शेजारीच बसली आहे. इराने मान डोलावली. मग चहा आला.

तेव्हा लग्न अकरा मे, गोरज मुहूर्तावर. यापुढे वैशाखात दुपारचा मुहूर्त मी कुणालाच काढून देणार नाही. काही यजमान तुटतील. तुटू देत. तू आदल्या दिवशीच ये; आत्याशिवाय इरा बोहल्यावर चढायची नाही म्हणते.

दादाचा धाक नाही, निदान लोभ तरी मानत जा.

दिवाकर

नामपूर, २ मे

तीर्थरूप दादास, सा. न. वि. वि.

ठराव झाला. तुझं पत्र मी सभेत वाचलं. व्याह्यांच्या चहाची ओळ आली तेव्हा वत्सलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि पहिला हात त्यांनीच वर केला.

आता वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांच्या नातवाचं लग्नही अकरा मेलाच, त्याच गोरज मुहूर्तावर. ठरावानंतरचा हा पहिलाच मांडव. मी तिथे उभी नसले, तर वऱ्हाड आलंच आहे म्हणून दुपारीच उरकून टाकतील. इराला सांग, आत्या अक्षता टाकायला येणार नाही. टाकेन, पण इथे, दुसऱ्याच मुलीच्या डोक्यावर.

रडत नाहीये. जमलं तर तूही रडू नकोस.

तुझीच, गोदा