गणित विषय बदलून न मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
कुकडाई कनिष्ठ महाविद्यालय (कला शाखा),
जुन्नर, जि. पुणे.

अर्जदार : कु. हर्षाली सोमाजी ठोंबरे, इयत्ता अकरावी (कला). हजेरी क्रमांक इतर तासांना ३४, गणिताच्या तासाला १.
मूळ गाव : धामणीजवळची वाडी, ता. आंबेगाव. हल्ली मुक्काम भाड्याची खोली, जुन्नर.

विषय : अर्जदाराचा गणित विषय बदलण्यात येऊ नये व गणिताचा तास बंद करण्यात येऊ नये, याबाबत.

संदर्भ : १) सूचना फलकावरील सूचना, दि. १ डिसेंबर २०२५ (वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले विषय बंद करण्याबाबत).
२) विषय बदलून मिळण्याचा अर्ज, दि. २४ नोव्हेंबर २०२५. हा अर्ज अर्जदाराच्या नावाने आहे, पण अर्जदाराने केलेला नाही.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही आपल्या महाविद्यालयात गणित घेतलेली एकुलती एक विद्यार्थिनी आहे. कार्यालयातील लिपिक श्री. सावळेराम यांनी सांगितले की अर्जात "मी, मला, माझं" असे लिहू नये, "अर्जदार" लिहावे, म्हणजे साहेब वाचतात. त्याप्रमाणे लिहिले आहे. असे लिहिल्याने अर्जदाराला एक बरे वाटले, की निदान कागदावर तरी आपल्यासोबत अजून कोणीतरी बसले आहे.

१. ऑगस्टमध्ये तास सुरू झाले तेव्हा गणिताला सात जणी होत्या. पहिल्या आठवड्यात कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजायचे आहेत असे कळले, तेव्हा वारूळवाडीहून येणाऱ्या दोघी बहिणी राज्यशास्त्राला गेल्या. पहिल्या घटक चाचणीचे गुण लागल्यावर तिघी गेल्या. राहिल्या दोघी, अर्जदार आणि कु. श्रेया. श्रेया दिवाळीपर्यंत होती. सुट्टीनंतर ती समाजशास्त्राच्या तासाला बसलेली दिसली. जाताना तिने आपली कंपासपेटी अर्जदाराला दिली आणि म्हणाली, "तू पण चल ना गं, उगा कशाला डोकेफोड करतीस." तिचे चुकले असे अर्जदाराचे म्हणणे नाही. ती गेली याचे वाईट मात्र फार वाटले, आणि अजून वाटते.

२. अर्जदारास गणित येत नाही, ही बाब लपवून ठेवण्यात अर्थ नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, दोन्ही चाचण्यांच्या उत्तरपत्रिका सोबत जोडल्या आहेत. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सहा, सत्र परीक्षेत पन्नासपैकी अकरा, आणि एकटी राहिल्यावर गणिताच्या मॅडमनी घेतलेल्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ. वर्गात पहिला क्रमांक अर्जदाराचाच आहे व शेवटचाही.

३. गणिताचा तास खोली क्र. ७ मध्ये होतो. तिथे बावीस बाक आहेत. एकटी राहिल्यावर पहिले काही दिवस अर्जदार रोज वेगळ्या बाकावर बसली, म्हणजे खोली वापरात आहे असे दिसावे. नंतर ते सोडले, कारण कुठेही बसले तरी शेजारची जागा मोकळीच. श्रीमती उज्ज्वला मॅडम तासिका तत्त्वावर आहेत, नारायणगावहून एसटीने येतात. त्या सवयीने अजूनही "समजलं का सगळ्यांना?" असे विचारतात, आणि अर्जदार सगळ्यांच्या वतीने "नाही" म्हणते. मग त्या तेच उदाहरण पुन्हा फळ्यावर घेतात. तीन-तीन वेळा घेतात. सात जणी असताना अर्जदार असे कधीच म्हणाली नव्हती, इतर हसतील म्हणून. आता हसायला कोणी नाही, एवढा एक फायदा झालेला आहे.

४. प्रकल्पाचा गट चार जणांचा असावा असे छापील नमुन्यात आहे. अर्जदाराने गटप्रमुख म्हणून स्वतःचे नाव लिहिले, सदस्यांच्या तीन ओळी कोऱ्या सोडल्या. त्याखाली "गटातील सहकाऱ्यांनी दिलेले गुण" असा रकाना आहे. तिथे अर्जदाराने अर्जदारास पाचपैकी तीन दिले. वर्गाची मॉनिटरही अर्जदारच असून वर्गात गोंगाट झाल्याची तक्रार अद्याप आलेली नाही. एके दिवशी ताप आल्याने अर्जदार गैरहजर राहिली, तेव्हा त्या तासाची वर्गाची उपस्थिती शून्य टक्के लागली व त्याचा लेखी खुलासा मॅडमना कार्यालयात द्यावा लागला. त्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे.

५. आता मूळ मुद्दा. अर्जदाराचे घराणे मेंढपाळांचे. वडील श्री. सोमाजी व आई सौ. सुंदरा दिवाळी झाली की मेंढरे घेऊन ओतूरवरून माळशेज घाटाने खाली कोकणात उतरतात, ते पावसाच्या तोंडावर परत येतात. जाता-येता कळप जुन्नरला एक मुक्काम करतो. धामणीहून मंचर जवळ असताना जुन्नरचे महाविद्यालय निवडले ते एवढ्यासाठीच, की वर्षातून दोनदा आईवडिलांची गाठ पडावी. यंदा एकदा पडली.

६. अर्जदाराच्या घरात मेंढरे मोजत नाहीत. मोजली की दृष्ट लागते, असे आजोबांच्या आधीपासून चालत आलेले आहे. संध्याकाळी मेंढरे वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालताना वडील तोंडाशी उभे राहतात आणि एकेकीचे तोंड बघून आत सोडतात. काळतोंडी आली, मोरी आली, तुटक्या कानाची आली. एखादी आली नाही तर त्यांना आकड्यावाचून कळते. अर्जदाराने लहानपणापासून हे पाहिले आहे आणि त्याचा तिला अभिमानही आहे.

७. परंतु दोन वर्षांपूर्वी मेंढ्यांच्या रोगाची साथ आली. लस टोचायला आलेल्या डॉक्टरांनी आधी विचारले होते, एकूण किती आहेत? वडील म्हणाले, "असतील की शंभराच्या आतबाहेर." डॉक्टरांनी शंभर मेंढरांपुरती लस आणली. ती संपली तरी कोकरे उरली होती. दुसरी खेप यायच्या आत साथ मेंढरांच्या वाड्यात शिरली आणि एकतीस कोकरे गेली. त्यांतले एक अर्जदाराने बाटलीने दूध पाजून वाढवले होते. डॉक्टरांचा त्यात काही दोष नव्हता, त्यांना जो आकडा सांगितला तेवढी लस त्यांनी आणली. म्हणून अकरावीत विषय निवडायची वेळ आली तेव्हा अर्जदाराने गणितापुढे खूण केली. विज्ञानाच्या यादीत नाव लागले नव्हते. कलेत गणित घेता येते हे अर्जदाराला माहितीपत्रकातून कळले, नाहीतर घरी हे सांगणारे कोणी नव्हते.

८. दिवाळीच्या सुट्टीत प्रकल्पासाठी माहिती गोळा करायची होती. प्रत्येक मेंढीचे वय लिहून सरासरी काढायची व सरासरीपासूनचे अंतर काढायचे, असा प्रकल्प होता. अर्जदाराने वडिलांच्या मागे उभे राहून, पाच-पाच रेघांच्या जुड्या करून, सगळा कळप मोजला. पहिल्या संध्याकाळी एकशे बेचाळीस भरला, पण खात्री वाटेना म्हणून दुसऱ्या व तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा मोजला. दोन्ही वेळा एकशे त्रेचाळीस. तो आकडा प्रकल्प वहीच्या पान ११ वर लिहिला. ते वडिलांनी पाहिले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

९. कळप निघाल्यावर ओतूरच्या अलीकडे उसाच्या कडेला मुक्काम होता. तिथे मेंढरे वाघरीत घालायच्या आधीच बिबट्याने तीन मेंढ्या नेल्या, आणि त्या गेल्याचे वडिलांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. तोंडे बघून सोडणाऱ्या माणसाला संध्याकाळी कसे कळले नाही, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. अर्जदारानेही नाही. आकड्याने घात केला असे ठरले. बाजारपेठेत घोंगड्यांचे दुकान असलेले श्री. गेणभाऊ हे अर्जदाराचे स्थानिक पालक आहेत. वडिलांनी त्यांना फोनवर सांगितले, "पोरीला म्हनावं ते गनित सोड. मोजलं आन् घात झाला." गेणभाऊ सरळ माणूस. त्यांनी अर्जदाराला न विचारता संदर्भ क्र. २ चा अर्ज लिहिला व गणिताऐवजी वस्त्रशास्त्र मागितले. "लोकर तुमच्या घरचीच हाये, सोपं जाईल," असे ते नंतर म्हणाले. श्री. सावळेराम यांनी अर्जावर शिक्का मारून तो आवक केला. वस्त्रशास्त्र हा विषय आपल्या महाविद्यालयात शिकवलाच जात नाही. म्हणजे जिथे एक विद्यार्थिनी आहे तिथून उठून, जिथे एकही नाही आणि शिक्षकही नाही, तिथे अर्जदाराने जायचे. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

१०. त्या आठवड्यात अर्जदारास भीती वाटली होती, हेही नमूद करते. आपण मोजले म्हणून तीन गेल्या असे रात्रंदिवस वाटत राहिले. तसे नसते हे गणिताने कळते, पण खोलीत एकटीने बसल्यावर गणिताचे कळलेले टिकत नाही. बोलायला शेजारी कोणी नव्हते. शेवटी अर्जदाराने पान ११ वरचा आकडा खोडरबराने पुसला आणि मॅडमना सांगितले की प्रकल्प अपुरा आहे. मॅडमनी कारण विचारले नाही. "राहू दे, पान तेवढं फाडू नकोस," असे म्हणाल्या.

११. यापुढील परिच्छेदात अर्जदार एका नियमभंगाची कबुली देत आहे. दि. ५ डिसेंबर रोजी, गणिताचा तास चालू असताना, अर्जदाराचा मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता. तासाला फोन घेऊ नये हा नियम माहीत असूनही मॅडमच्या परवानगीने घेतला. वडील बोलत होते. मुरबाडच्या बाजूला कोणाच्या तरी फोनवरून. त्यांचे शब्द अर्जदाराने लगेच वहीच्या कडेला उतरवून ठेवले, ते असे : "हरशे, आपली किती व्हती म्हनालीस? दुसऱ्याच्या मेंढरात मिसाळल्यात. आता आंधारून आलं की मला तोंडं वळकू येत न्हाईत गं. तुज्या आईला बोलू नको."

अर्जदाराने सांगितले, एकशे त्रेचाळीस होती, त्यातली तीन गेली, एकशे चाळीस घेऊन निघा.  वडील म्हणाले, "एकशे चाळीस. बरं." आणि फोन ठेवला. गणित सोड असे या वेळी म्हणाले नाहीत. मॅडमनी फळ्याकडे तोंड केले होते आणि बराच वेळ त्या काही लिहीत नव्हत्या. अर्जदार रडली. एवढ्या बाकांच्या खोलीत एकटीने रडणे फार वाईट असते, साहेब.

१२. तरी अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे आहे.

संदर्भ क्र. २ चा अर्ज रद्द करण्यात यावा. गेणभाऊंना दोष देऊ नये. सावळेरामकाकांनाही देऊ नये, त्यांनी शिक्का चांगल्या मनाने मारला आहे.

गणिताचा तास निदान वार्षिक परीक्षेपर्यंत चालू ठेवावा. खोली क्र. ७ दुसऱ्या वर्गाला लागत असल्यास व्हरांड्यातला एक बाक पुरेल, फळा मात्र असावा. मॅडमच्या तासिका बंद होऊ नयेत. अर्जदार नापास झाल्यास नाचता येईना अंगण वाकडे असे करणार नाही. विषयाला, मॅडमना अथवा कार्यालयाला बोल लावणार नाही. आज नऊ गुण आहेत. सहाचे नऊ व्हायला दोन महिने लागले. या वेगाने वार्षिक परीक्षेपर्यंत पास होता येईल की नाही, हे अर्जदाराने मांडून पाहिले. उत्तर काठावर येते.

विषय कायम ठेवण्याच्या नमुन्यावर पालकांची सही लागते व मुदत दि. १० डिसेंबर आहे. पालक घाटाखाली चालत आहेत. आज कुठे असतील ते अर्जदारास सांगता येत नाही. त्यांनी फोनवर आकडा विचारला, तीच त्यांची संमती समजावी. मे महिन्याच्या अखेरीस कळप जुन्नरला मुक्कामाला येईल तेव्हा सही आणून देईन. देईल. अर्जदार आणून देईल.

तोपर्यंत मॅडम रोज हजेरी घेतात तशी घेऊ द्यावी. एकच नाव आहे, वेळ लागत नाही.

आपली आज्ञाधारक,
खोली क्र. ७ ची मॉनिटर,
हर्षाली सोमाजी ठोंबरे

स्थळ : जुन्नर
दिनांक : ८ डिसेंबर २०२५

सोबत :
१) गणिताच्या चाचणी उत्तरपत्रिका, दोन (गुण ६ व ९).
२) विषय कायम ठेवण्याचा नमुना. पालकांच्या सहीची जागा कोरी आहे.
३) प्रकल्प वही. पान ११ वर पेन्सिलने लिहून पुसलेला आकडा आता पेनाने पुन्हा लिहिला आहे. पाहून वही परत मिळावी, संध्याकाळी वडिलांचा फोन आला तर लागेल.