शेवटची तीन गाणी

४ मार्च

हिची आठ गाणी आज मास्टरिंगला दिली. ही जाऊन पाच महिने झाले. लेक म्हणाली, "बाबा, आता तरी सोडा हातातून!" सोडली.

मास्टरिंग करणाऱ्या बाई पन्नाशीच्या. खोलीत दोन मोठे स्पीकर, भिंतींना जाड गाद्या, मधोमध एक खुर्ची. मी विचारलं, गाणी रेकॉर्ड झाली, वाद्यांचा मेळ बसवून झाला, मग आता राहिलं काय? म्हणाल्या, "काका, कपडे शिवून झालेत. मी इस्त्री करते. एक गाणं मोठं वाजतं, एक हळू, एक झणझणीत, एक मऊ. ऐकणाऱ्याचा हात सारखा आवाजाच्या बटणावर जायला नको. आठही एका घरातली वाटली पाहिजेत."

घरी येईपर्यंत लेकीने त्यांचं नाव ठेवूनही टाकलं — इस्त्रीवाल्या बाई. बऱ्याच दिवसांनी हसलो.

९ मार्च

पहिला हात ऐकला. पाच जुनी गाणी उत्तम. शेवटची तीन नवी, आजारपणात गायलेली. ती मंद वाटतात. पांघरुणाआडून गातेय अशी. बाईंना कळवलं — धार वाढवा.

१२ मार्च

वाढवली. अजून हवी.

१५ मार्च

तिसरी खेप. मला जरा बरं वाटलं. लेकीने कानांवर हात ठेवले. "कानात सुई टोचतेय, बाबा! आई अशी कधी गायली?"

मी म्हटलं, आवाज गेला होता तिचा. दोन वर्षांपूर्वी मी तिला तोंडावर सांगितलंही होतं — पूर्वीसारखा राहिला नाही. ती हसली होती. "वय झालं म्हणायचं!" एवढंच.

१६ मार्च

ठरवलं. ती तीन काढायची, पाचच द्यायची. लोकांच्या कानात तिचा पडका आवाज राहायला नको. लेकीला सांगितलं. "मग ती पाचही नकोत," म्हणाली, आणि दार आपटून गेली. रागात अगदी आईवर गेली आहे.

१८ मार्च

बाईंना सांगायला गेलो. लेकही आली, रागातच. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग पडद्यावर आवाजाचा आलेख लावला. डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरची धार. दुसऱ्या गाण्याची रेघ निळी, सातव्याची तांबडी.

मी बत्तीस वर्षं नकाशे काढले. रेघ दिसायला आता चष्मा लागतो, समजायला कोणी लागत नाही. उजव्या टोकाला दोन्ही रेघा अंगाला अंग लावून चाललेल्या! "हे माझा हात लागायच्या आधीचं," बाई म्हणाल्या. "धार होतीच, काका."

मग त्यांनी एक शिट्टी लावली, हळूहळू वर चढत जाणारी. ती थांबल्यावर मी म्हटलं, हं, पुढे? लेक आणि बाई दोघी अजून ऐकत होत्या. लेकीचा चेहरा चिंच खाल्ल्यासारखा.



मी विचारलं, मग जुनी पाच मला नीट कशी ऐकू येतात? बाई हळूच म्हणाल्या, "ती तुम्हाला पाठ आहेत. कान जे सोडतो ते मन भरून काढतं. नवी तीन मन कुठून भरणार?"

२३ मार्च

कानाचे डॉक्टर. दोन्ही कान, वरचे सूर. "सात-आठ वर्षांचं तरी असणार."

आणि मी तिला म्हणालो, तुझा आवाज गेला!

२४ मार्च

काही लिहवत नाही.

२९ मार्च

कानात यंत्र बसवलं. वर्तमानपत्राची पानं केवढी वाजतात! न्हाणीघरातला नळ गळतोय. लेकीला म्हटलं, हा कधीपासून? "दोन वर्षं! आधी मला वाटायचं, तुम्ही चालढकल करताय." आज स्वतःच दुरुस्त केला.

२ एप्रिल

बाईंकडे गेलो. माझ्या हट्टाने वाढवलेली सगळी धार काढून टाका म्हटलं. माफी मागितली. म्हणाल्या, "तीन वेळा तापती इस्त्री फिरवली, कापड जळलं नाही हेच नशीब! पण काका, ते यंत्र लावून मला आता नव्या सूचना द्यायच्या नाहीत हं." नाही देणार.

सातवं गाणं लावलं. प्रत्येक शब्दाचं टोक ऐकू आलं. आवाज गेलेला नाही. कुठेच गेलेला नाही. मी खुर्चीत बसून राहिलो. लेकीने खांद्यावर हात ठेवला, मग काढलाच नाही.

आठही जाणार.

३ एप्रिल

सकाळी लेकीला विचारलं, आवाज एवढा छान होता, तर शेवटच्या तिन्ही गाण्यांना पट्टी इतकी खालची का घेतली?

भांडी विसळता विसळता म्हणाली, "आईनेच उतरवायला लावली. वादक नको म्हणत होते. म्हणाली, ह्यांना अलीकडे वरचं ऐकू येत नाही, आणि ही तीन ह्यांच्यासाठीच आहेत. मला शपथ घातली — बाबांना कळू द्यायचं नाही, माझा आवाज बसला असंच वाटू दे."