सध्या काम करता का?

सोम. ३ नोव्हें.
सर्व्हेची नवीन यादी आली. सरकारी योजनेतून रुग्णसेवेचा तीन महिन्यांचा कोर्स केलेले, घाटकोपर केंद्राचे. कोर्स संपून वर्ष झालं. आता एकेकाला गाठायचं, नोकरी लागली का, टिकली का विचारायचं. सकाळपासून फोन. निम्मे नंबर बंद. एकाने उचलला, म्हणाला, "कोर्स? तो माझ्या मेहुण्याने केला, माझ्या नावावर." हसू आलं. या उत्तराला फॉर्ममध्ये जागा नाही. गुडघा परत धरलाय.

बुध. ५
फोन लागत नाही त्यांच्या घरी जायचं. असल्फा, टेकडीवरची चाळ. दोनदा मध्येच बसले. शीतल, वय पंचवीस. केंद्राच्या कागदावर ती मुलुंडच्या एका हॉस्पिटलात नोकरीला. प्रत्यक्षात घरी, सासऱ्यांना कुशीवर वळवत होती. अर्धांगवायू. काय सफाईने वळवलं! पाठीला उशी, टाचेखाली कापडाची घडी.
"सध्या काम करता का?" मी टॅबवर बघून वाचलं.
"ताई, मग हे काय करतेय मी?"
हॉस्पिटलात नऊ दिवस गेली, तेवढ्यात सासरे पडले. आतून सासू, "काय गे बाय, कितके वेळा इचारतलंस? आधी पण एक येवन गेलो."
घरच्या माणसाची सेवा फॉर्मच्या हिशेबी काम नाही. 'नाही'वर खूण केली. चहा प्यायले, माझा नंबर देऊन आले. रेंज नव्हती, फॉर्म गेला नाही, टॅबमध्येच राहिला.

शुक्र. ७
शीतलचा फोन. दबका आवाज.
"ताई, ते 'हो' करता येईल का?"
केंद्रातल्या सरांनी सगळ्यांना कळवलंय म्हणे, नोकरीवाले कमी निघाले तर केंद्र बंद. हिची धाकटी बहीण करिश्मा पुढच्या बॅचला जाणार.
"सरांनी बोलायला सांगितलं का?"
"नाही ओ. सर चांगले आहेत. मला पेशंटला उचलायची भीती वाटायची, माझ्यासाठी थांबून थांबून शिकवलं त्यांनी. केंद्र गेलं तर करिश्मा कुठे शिकणार?"
बघते म्हटलं. काय बघणार आहे, कप्पाळ.

सोम. १०
अंधेरीला मीटिंग. सुपरवायझर मयेकर मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, नाव न सांगता.
"'हो' अजिबात नाही. खोटंच लिहायचं तर केंद्राने लिहिलंय की आधीच, आपण कशाला हव्यात?"
बरोबर आहे.
मग हळूच, "'सापडली नाही' टाक ना. ती मोजणीतच येत नाही. तिचं नुकसान नाही, तुझं नाही."
"मॅडम, मी तिच्या घरी चहा प्यायले."
"मग?"
परत निघाले.

मंगळ. ११
बोरीवली. दुसऱ्या यादीतला मुलगा. शिकला वायरिंग, सोसायटीत वॉचमन आहे. काम करता का? हो. एका सेकंदात फॉर्म पूर्ण. शिकलेलं रोज करते तिचं 'नाही', आणि याचं... जाऊ दे. फॉर्म मी नाही बनवला. घरी येऊन नुसती पडून राहिले. स्वयंपाक ह्यांनी केला, खिचडी.

गुरु. १३
पाठवला. 'नाही'. शेऱ्याच्या चौकोनात लिहिलं, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची सेवा करते, उत्तम करते, शिकवणं वाया गेलेलं नाही. शेरे कुणी वाचत नाही असं मॅडमच सांगतात. तरी लिहिलं.

सोम. १७
मॅडमचा फोन. घाटकोपर केंद्राची पुढची बॅच तूर्त थांबवलीय, चौकशी होणार. माझ्या मनात काय आलं ते त्यांना समजलं असावं. "तुझ्या एका फॉर्मने नाही गं. बरेच तसेच आलेत."
बरं वाटायला हवं होतं.

बुध. १९
कुणी पाठवलं नव्हतं, तरी असल्फाला गेले. तोंडावर सांगावं म्हणून. उंबऱ्यातच सांगितलं, तुझं 'नाही'च लिहिलं.
"वाटलंच होतं," शीतल म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं.
आत बोलावलं. सासरे आता भिंतीला टेकून बसतात, तिने उठवून दाखवलं. ते माझ्याकडे बघून काहीतरी बोलले, कळलं नाही. शीतलला कळलं. "बसा म्हणतायत."
बसले.
तेवढ्यात करिश्मा आली, खालच्या गल्लीतून, आईकडून. हातात बॅचचा अर्ज, फोटो चिकटवलेला. "तुम्ही सर्व्हेच्या ताई ना? बॅच होणार का? भरू की नको?"
शीतल माझ्याकडे बघत होती.
"भर," म्हटलं.
"म्हणजे होणार?"
"ते मला नाही माहीत गं. पण भर."
सही राहिली होती. माझ्याकडून पेन घेतलं, दाराला कागद लावून सही केली, आणि लगेच निघाली केंद्राकडे. आज उघडं तरी असेल का, तेही मला सांगता आलं नाही.